पाळी जाताना या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे खायला चार मैत्रिणी जमल्या की कोणीतरी म्हणतंच, अगं वय आहे, सोसायचं. याच एका वाक्यापायी बायका नको ते अंगावर काढतात.

सगळ्यात आधी डाग. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, आणि त्यानंतर थोडंसं जरी रक्त गेलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. आमच्या मोठ्या वन्सं राजवाड्याजवळ राहतात, त्यांची पाळी केव्हाच बंद झाली होती आणि ऐन मे महिन्यात डाग दिसायला लागले. इंदूरचा उन्हाळा, सगळ्या म्हणाल्या गरमी बाधली, धण्याचं पाणी प्या, गुलकंद खा. त्यात घरात लग्न, सांगणार कोणाला, पॅड लावून पंगतीत वाढत होत्या बिचाऱ्या. बाथरूमच्या बादलीत भिजत टाकलेला परकर मी बघितला तेव्हा कुठे कळलं. "वन्सं, आत्ताच्या आत्ता चला" म्हणून घेऊन गेले. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड निघालं, या वयात ते पातळ असायला हवं, डाग दिसतायत आणि अस्तर ४ मिमीच्या वर आहे म्हटल्यावर तुकडा काढून तपासतात. तपासलं तर पेशी बदलायला लागलेल्या, कॅन्सर नव्हता पण त्याच वाटेवर. ऑपरेशन झालं, आता बऱ्या आहेत. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते डॉक्टरने तपासून सांगायचं, शेजारणीने नाही.

दुसरं, "कटकट नको, पिशवीच काढून टाका". या शॉर्टकटचा मला मनापासून राग आहे. पाळी जायच्या आधी रक्त जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात हार्मोनची कॉइल बसवता येते, आधी ते विचारा. आणि काढायचीच वेळ आली तर अंडाशयं ठेवणार का हे सही करायच्या आधी विचारा, कारण पाळी चालू असताना तीही काढली तर त्यात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम खाली येतं, वाफा, म्हणजे अंगातून अचानक उठणाऱ्या गरम लाटा, जास्त जोरात येतात, हाडंही लवकर झिजतात.

मैत्रिणीची हार्मोनची गोळी मेडिकलवरून आणून घेणं तर अजिबात नको. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर वाढतं, सोबत अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, लागतंच. उलट काही जणी, हार्मोनने ब्रेस्ट कॅन्सरचा आणि हृदयाचा धोका वाढतो अशा २००२ च्या अमेरिकन अभ्यासाच्या बातम्यांनी घाबरून हार्मोनचं नावच काढत नाहीत. साठीच्या आतल्या किंवा मेनोपॉजला १० वर्षं झाली नाहीत अशा निरोगी बाईला बहुतेक वेळा त्याचा फायदाच जास्त होतो. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर मात्र सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी वाफांवर दुसऱ्या गोळ्या आहेत.

वाफा थांबाव्यात म्हणून आठ दिवस सोयाबीन खाऊन "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना काय सांगू, वाफा कित्येकींना सात-सात वर्षं येतात. इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो, जरा उष्णता वाढली की चेहरा लाल, छातीत धडधड, घाम. म्हणून रात्री सराफ्यातल्या खाऊच्या बाजारात तिखट खाऊन वर गरम चहा मी घेतच नाही, सुती गाऊन, उशाशी कोरडा अभ्रा आणि पाण्याचा तांब्या ठेवते, अभ्रा बदलला की झोप परत लागते.

धडधड आणि घाम थायरॉईडनेही येतो, एकदा टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. पाळी पुढेमागे व्हायला लागली म्हणून गर्भनिरोधक लगेच सोडू नका, दिवस राहू शकतात. आणि खालचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, सारखी लघवीची जळजळ, यावर लावायचं क्रीम मिळतं, तोंडाने बोलायला लाज वाटत असेल तर कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.