वेगवान मोबाइल नेटवर्क आणि कामगाराची हजेरी: मनुष्यबळ विभागाने तयारी कशी करावी

देशात 5जी सेवा 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या 13 शहरांत पुणे होते. त्यानंतर हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांप्रमाणेच चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांतही हजेरी, रजेचा अर्ज आणि पगाराची स्लिप मोबाइलवर येऊ लागली आहे. अशा वेळी अ‍ॅप कोणते घ्यायचे यावर बैठका होतात. परंतु त्याआधी, कामगार ज्या जागी प्रत्यक्ष उभा असतो तिथे नेटवर्क पोहोचते का, हे तपासले पाहिजे. पुढील मार्गदर्शन मुख्यतः मध्यम आकाराच्या कारखान्यांसाठी आहे, कारण वेगवान नेटवर्कचा सर्वाधिक उपयोग तिथेच होऊ शकतो आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच होतो.

आपल्याकडे 5जीसाठी प्रामुख्याने वापरला जाणारा 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा भरपूर माहिती वाहून नेतो, पण भिंती आणि पत्र्याचे छप्पर भेदण्यात तो कमी पडतो. त्यामुळे गेटवर मोबाइलच्या कोपऱ्यात 5जी दिसते आणि प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागाच्या, मधोमध गेल्यावर साधा फोनही लागत नाही. म्हणून कारखान्याचा नकाशा हातात घेऊन गेट, टाइम ऑफिस (हजेरीच्या नोंदी ठेवणारे कार्यालय), प्रत्येक शॉप, स्टोअर, कॅन्टीन आणि बस थांबण्याची जागा अशा सर्व ठिकाणी, कामगारांकडे असलेल्या सर्व कंपन्यांच्या सिमवर मोजणी करावी. मोजताना केवळ डाउनलोडचा आकडा पाहू नये. हजेरीचा फोटो किंवा व्हिडिओ बाहेर पाठवायचा असतो, त्यामुळे अपलोडचा वेग आणि प्रतिसादाला लागणारा वेळ अधिक महत्त्वाचा ठरतो. जिथे सिग्नल येत नाही तिथे वाय-फाय द्यावे किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे इमारतीच्या आतील यंत्रणेची रीतसर मागणी करावी. बाजारात मिळणारे स्वस्त सिग्नल बूस्टर मात्र बसवू नयेत. विनापरवाना बूस्टर बसवणे बेकायदा आहे आणि त्यामुळे आसपासच्या सर्वांचे नेटवर्क बिघडते.

ही मोजणी दुपारी बारा वाजता नव्हे, तर पाळी बदलताना करावी. सकाळच्या पाळीच्या बस एकामागोमाग एक येऊन थांबतात, रात्रपाळीचे लोक बाहेर पडत असतात आणि काही मिनिटांत शेकडो जण एकाच टॉवरवर चेहऱ्याची हजेरी लावू पाहतात. एका फोटोचा आकार काही शे किलोबाइटच असतो आणि एकट्या माणसासाठी तो 4जीवरही क्षणात जातो. अडचण येते ती सर्व जण एकदम पाठवू लागल्यावर. पडद्यावरचे चक्र फिरत राहते, मागची रांग वाढते आणि वेळेत आलेल्या माणसाची नोंद उशिराची पडते. 5जीचा खरा लाभ इथे आहे: एकाच वेळी जोडल्या गेलेल्या अधिक फोनना ते सांभाळू शकते. तथापि सर्व कामगारांकडे 5जी फोन असतील असे गृहीत धरू नये आणि त्यांनी स्वतःच्या खर्चाने ते घ्यावेत अशी अपेक्षा तर मुळीच ठेवू नये. गेटवर कंपनीचे दोन-तीन टॅब्लेट लावले, तर फोन नसलेल्यांचीही सोय होते.

अ‍ॅपच्या विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. नेटवर्क नसताना हजेरी फोनवर साठून राहिली पाहिजे आणि नेटवर्क येताच आपोआप पुढे गेली पाहिजे. फोनचे घड्याळ मागेपुढे केले, तरी ते ओळखता आले पाहिजे. आणि जीपीएसवर आखलेली कारखान्याची हद्द थोडी सैल ठेवता आली पाहिजे, कारण पत्र्याखाली फोन स्वतःची जागा चुकीची दाखवतो आणि आत काम करणारा माणूस गैरहजर ठरतो. याखेरीज साप्ताहिक सुट्टीची मांडणीही तपासून पाहावी. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तर तयार सॉफ्टवेअर रविवार धरून चालते. हा फरक पहिल्या पगाराच्या वेळी लक्षात येणे कोणालाच परवडणारे नाही.

हजेरी त्याच दिवशी जमा होण्याला आता कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावे लागते आणि कामगाराने राजीनामा दिल्यास किंवा त्याला कमी केल्यास त्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. ठेकेदाराचे मस्टर महिनाअखेरीस कागदावर येणार असेल, तर हे जमणार नाही. म्हणून मोबाइल हजेरीची सुरुवात कायम कामगारांपासून न करता कंत्राटी कामगारांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ओव्हरटाइम बुडण्याच्या तक्रारी त्यांच्याच बाबतीत अधिक असतात आणि स्वतःचे तास रोज फोनवर पाहता येण्याची गरजही त्यांनाच अधिक असते.

भरतीच्या दिवशीचे कामही आता नेटवर्कवर अवलंबून आहे. भविष्य निर्वाह निधीचा नवा यूएएन क्रमांक 1 ऑगस्ट 2025 पासून उमंग अ‍ॅपवर आधारच्या चेहरा पडताळणीने काढावा लागतो. उमेदवाराचा आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, हे बोलावतानाच विचारावे आणि भरतीचे टेबल चांगल्या नेटवर्कच्या जागी, पुरेशा उजेडात मांडावे. मुलाखतीची पहिली फेरी व्हिडिओवर घेतल्यास लातूर किंवा नांदेडच्या उमेदवाराचा पुण्याला येण्याचा खर्च वाचतो. मात्र चित्र अडखळले तर फोनवर बोलून मुलाखत पूर्ण करावी आणि गावच्या नेटवर्कचा दोष उमेदवाराच्या गुणांकनात धरू नये. सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ मराठी आणि हिंदीत, दोन-तीन मिनिटांचे ठेवावेत आणि ते कॅन्टीनच्या वाय-फायवर उतरवून घेता यावेत.

आता सर्वांत नाजूक बाब. नेटवर्क वेगवान झाले की कामगार दिवसभर कुठे आहे हे पाहणेही स्वस्त होते, आणि अ‍ॅपमध्ये सोय आहे म्हणून ती सुरू करण्याचा मोह होतो. तसे करू नये. ठिकाणाची नोंद फक्त हजेरी लावण्याच्या क्षणी घ्यावी आणि पाळी संपल्यावर अ‍ॅपने काहीही टिपू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये नोकरीशी संबंधित कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची तरतूद असली, तरी माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे आणि त्यातील कसुरीसाठी दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तयारीसाठी हा अवधी पुरेसा आहे. चेहऱ्याचा फोटो कुठे साठतो, किती दिवस राहतो, कोण पाहू शकतो आणि नोकरी सोडल्यावर त्याचे काय होते, हे मराठीत एका पानावर लिहून सूचनाफलकावर लावावे आणि पाळीच्या सुरुवातीच्या बैठकीत सुपरवायझरने ते वाचून दाखवावे.

जुने पंचिंग मशीन लगेच काढू नये. किमान एक पूर्ण पगाराचे चक्र दोन्ही नोंदी समांतर चालवाव्यात, रोजचा फरक त्याच दिवशी टाइम ऑफिसमध्ये जुळवावा आणि फरक पडल्यास निर्णय होईपर्यंत कामगाराचे तास ग्राह्य धरावेत. हजेरी लागली नाही तर कोणाला सांगायचे, त्या व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक गेटवर ठळक लिहावा. आणि ती व्यक्ती रात्रपाळीतही उपलब्ध असेल, याची व्यवस्था अ‍ॅप सुरू करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत पूर्ण करावी.