सोफ्यातले ढेकूण जाता जात नाहीत? या चुका टाळा

गाद्या उन्हात टाकल्या, चादरी उकळून काढल्या, पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला, तरी संध्याकाळी टीव्हीपुढे बसलं की मांडीच्या मागच्या बाजूला खाज सुटतेच. बऱ्याच घरांत ढेकणांचं काम इथे अडकतं. सगळं लक्ष बेडरूमकडे असतं आणि हॉलमधल्या सोफ्याचा विचारच होत नाही. झालाच तर बसायच्या बाजूवर फवारा मारून विषय संपतो. ढेकूण मात्र खाली असतात, आतल्या लाकडी सांगाड्यात. म्हणून कुठलं औषध आणावं हे विचारण्याआधी मी एकच विचारते: सोफा उलटा करून बघितलात का?

खात्री न करता औषध आणणं

अंगावरच्या गांध्या बघून ढेकूण की डास, हे सांगता येत नाही. एकाच सोफ्यावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाच्या दंडावर ओळीने गांध्या उठतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. काहींना तर चावल्यानंतर कित्येक दिवसांनी खाज सुटते. त्यामुळे ‘मला कुठे चावतायत?’ हा घरातल्या एखाद्याचा युक्तिवाद धरून बसू नका.

पुरावा सोफ्यावर शोधायचा. शिवणीच्या कडेला शाईच्या पेनाचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसतात, ती ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओला कापूस फिरवला की ठिपका तांबूस-तपकिरी होऊन पसरतो, साधी धूळ तशी पसरत नाही. जवळच फिकट, पोकळ कातीही सापडतात. मोठा ढेकूण अख्ख्या मसुराएवढा आणि चपटा असतो, तो पटकन दिसतो. अंडं जेमतेम मिलिमीटरभर, पांढरं आणि चिकटवलेलं, तर नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू जवळजवळ पारदर्शक. चाळिशीचा चष्मा असेल तर तो लावूनच शोधायला बसा.

वरून फवारायचं आणि आत बघायचं नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सोफा उघडायला अर्धा दिवस लागतो म्हणून लोक ते टाळतात आणि मग कितीतरी महिने ढेकणांबरोबर काढतात.

मोबाईलचा टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड, रुंद चिकटपट्टी, पक्कड आणि साबणाच्या पाण्याचं टमरेल घ्या. खाली जुनी पांढरी चादर अंथरा, म्हणजे पडलेलं लगेच दिसेल. आधी कुशन काढा, झिप पूर्ण उघडा आणि झिपच्या दातांखालची पट्टी उलटून बघा. कुशनच्या कडेने जी दोरीसारखी पायपिंग असते, ती अंगठ्याने एका बाजूला दाबली की तिच्या मुळाशी एक अरुंद चर उघडते. ढेकणांची ही आवडती जागा. मग बैठक आणि पाठ यांच्यामधली फट, हातांच्या आतली बाजू. कार्डाची कड फटीतून सावकाश ओढली की लपलेले बाहेर येतात. त्यांना चिकटपट्टीवर घ्या किंवा सरळ टमरेलात टाका. बोटाने चिरडलेत तर कापडावर कायमचा डाग पडतो आणि नंतर जुने-नवे डाग ओळखता येत नाहीत.

आता दोघांनी मिळून सोफा उलटा करा. तळाला पातळ काळं कापड पिना मारून लावलेलं असतं. पिनांच्या ओळीने टॉर्च फिरवा, कापडाच्या दुमडीत ठिपक्यांची रांग दिसली की समजा मुख्य वस्ती जवळच आहे. पक्कडीने पिना उपटून ते कापड काढून टाका आणि पिशवीत बांधून फेकून द्या. आत लाकडाच्या पट्ट्यांचे सांधे, प्लायच्या कडा, स्क्रूची भोकं, रबरी पट्टे जिथे ठोकलेत ती जागा, झिगझॅग स्प्रिंगच्या क्लिपा, पायांचे खोबण, हे सगळं उघडं पडतं. ढेकूण दाटीवाटीने राहतात, त्यामुळे एका सांध्यात चाळीस आणि शेजारच्यात एकही नाही, असं होऊ शकतं. फोम फाडून बघायची गरज नसते. ढेकूण फोम पोखरत नाही, तो दोन पृष्ठभागांच्या फटीत अंग दाबून बसतो.

सोफा-कम-बेड असेल तर बिजागऱ्या आणि सरकणारे रूळ बघा. दिवाण असेल तर खणाच्या आतले कोपरे बघा, आणि खणात ठेवलेल्या गोधड्या व लग्नाचे अल्बमसुद्धा. तळाला नवं काळं कापड लगेच लावू नका. दोन महिने सोफ्याचा तळ उघडाच राहू दे, म्हणजे नुसतं वाकून तपासता येतं.

बाजारातल्या स्प्रेवर आंधळा भरवसा

झुरळांच्या नि डासांच्या स्प्रेमध्ये बहुतेकदा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात आणि ढेकणांच्या कित्येक पिढ्या ती पचवून बसल्या आहेत. औषधाला दाद न देण्याची त्यांची खोड जुनी आहे. १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरच्या नौदल बराकींमध्ये डीडीटी या कीटकनाशकाने न मरणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे १९५३ पासून हिवताप नियंत्रणासाठी घरोघरी भिंतींवर डीडीटी मारलं गेलं. सुरुवातीला त्याने ढेकूणही मेले, मग ते डीडीटीलाही सरावले.

धुराचे डबे, ज्यांना फॉगर म्हणतात, ते तर सोफ्यासाठी कुचकामी. धूर खोलीभर पसरतो आणि उघड्या पृष्ठभागावर बसतो, पिनांखालच्या फटीत शिरत नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये बाजारातले फॉगर घेऊन चाचणी केली, तेव्हा लपून बसलेल्या ढेकणांवर त्यांचा जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही.

कडुनिंबाचा पाला, कापूर, वेखंड यांनी वास दरवळतो, पण वस्ती हलत नाही. डांबरगोळ्या कुशनमध्ये कोंबू नका. लहान मुलं तिथेच लोळतात आणि काही बाळांना त्या वाफेने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो. झुरळांच्या खडूने सोफ्यावर रेघोट्या ओढणंही तितकंच वाईट, कारण तेच हात पुढे मुरमुऱ्याच्या वाटीत जातात.

जीवावर बेतणारे उपाय

इथे मी कडक शब्दांत लिहिणार आहे. धान्यात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या सोफ्याखाली किंवा दिवाणाच्या खणात कधीही ठेवू नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या घरातही जातो आणि या विषावर उतारा नाही. अशा गोळ्यांनी घरातल्या माणसांचे, कधी शेजारच्या मुलांचे जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ढेकणाने आजवर माणसाला कुठला रोग दिल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाज, जागरण आणि मनस्ताप, एवढाच त्याचा त्रास. त्यासाठी ही जोखीम घेण्याचं काहीही कारण नाही.

डायक्लोरव्हॉस, जे नुवान या नावाने घरोघरी वापरलं जायचं, त्यावर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार २०२० च्या अखेरपासून बंदी आहे. कुठे जुनी बाटली पडून असेल किंवा कोणी दुकानदार कागदात गुंडाळून देत असेल, तर घेऊ नका. रॉकेल, पेट्रोल आणि स्पिरिट फोमवर ओतणं म्हणजे हॉलमध्ये चिता रचणं आहे. फोम पेटला की विझवायला वेळच मिळत नाही.

उन्हाचा चुकीचा हिशोब

‘विदर्भातलं मे महिन्याचं ऊन आहे, सोफा गच्चीवर ठेवू’, हा विचार कळतो. ढेकूण उष्णतेने मरतोच. ५० अंशांच्या वर तो आणि त्याची अंडी फार वेळ टिकत नाहीत. अडचण अशी की तापते ती उन्हाकडची बाजू. सोफ्याची खालची बाजू सावलीत राहते, फोम उष्णता आत जाऊ देत नाही आणि ढेकूण चालत गार बाजूला जातात. काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तरी जाड वस्तूची खालची बाजू पुरेशी तापत नाही. वर गच्चीपर्यंत नेताना जिन्यात चार ढेकूण गळले, तर शेजाऱ्यांकडे भेट पोचली म्हणून समजा.

ऊन पातळ वस्तूंसाठी ठेवा. कुशनची कव्हरं, सोफ्यावर टाकायच्या चादरी, पडदे हे ६० अंशांच्या पाण्यात धुवा आणि ड्रायर असेल तर अर्धा तास सगळ्यात गरम सेटिंगवर फिरवा. धुण्यापर्यंत नेताना बंद पिशवीतून न्या, घरभर उघड्यावर फिरवू नका.

वाफ घाईघाईने मारणं

सोफ्यासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती वाफ. वाफ शिवणीवर टेकली की ढेकूण, पिल्लं, अंडी सगळंच जातं आणि औषधाला सरावण्याचा प्रश्न येत नाही. पण लोक इस्त्री फिरवावी तशी सरसर फिरवतात. तोंड कापडाला जवळजवळ टेकवून, हातभर शिवणीला अर्धं मिनिट तरी लागेल इतक्या संथ गतीने सरका. जोर जास्त असेल तर ढेकूण आणि अंडी उडून पलीकडे पडतात, म्हणून मशीनच्या तोंडाला सुती फडकं बांधा. हेअर ड्रायर वापरू नका, तो हेच उडवण्याचं काम करतो. मखमल आणि लेदर आधी कोपऱ्यात तपासा. उकळतं पाणी तर ओतूच नका. लाकडी खाटेला ते चालायचं, फोमला नाही. पावसाळ्यात भिजलेला फोम आठवडाभर वाळत नाही आणि वर बुरशी धरते. वाफेनंतरही पंखा लावून पूर्ण कोरडं करा.

वाफेआधी व्हॅक्युम क्लीनरचं चपटं तोंड शिवणींत फिरवा. चिकटवलेली अंडी त्याने निघत नाहीत, पण ढेकूण आणि काती कमी होतात. पिशवी लगेच काढून बांधून बाहेर टाका. ती मशीनमध्ये राहिली तर पाहुणे परत येतात.

डायटोमेशियस अर्थची पूड (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांची माती, तिने कीटकाचं अंग कोरडं पडून तो मरतो) सांगाड्याच्या आतल्या सांध्यांत, अगदी पातळ थरात चालते. बसायच्या जागेवर भुरभुरू नका, ती श्वासातून जाते. कीटकांसाठी म्हणून विकली जाणारीच घ्या. कोकणातल्या दमट हवेत ती सावकाश काम करते, हे धरून चाला.

एकदा केलं की संपलं असं समजणं

अंडी फुटायला साधारण ६ ते १० दिवस लागतात आणि आपल्या हवेत पिल्लाचा ढेकूण व्हायला महिना-दीड महिना. बहुतेक औषधं अंड्यांचं काही बिघडवत नाहीत. म्हणून पहिल्या कामानंतर १० ते १४ दिवसांनी दुसरी फेरी हवीच, आणि तिसरी ठेवलीत तर निर्धास्त व्हाल. मधल्या पिल्लांना अंडी घालायच्या वयात येऊ द्यायचं नाही, हा त्यामागचा हिशोब.

पेस्ट कंट्रोलवाला एकाच भेटीत खात्री देत असेल तर त्याला सोफा उलटा करून कुठे मारणार ते दाखवायला सांगा. औषधाचं नाव विचारा, डबा बघा, परवाना बघा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली तो लागतो. ‘हर्बल आहे, बिनवासाचं आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

महिनाभर गावी जाऊन घर बंद ठेवलं तर ढेकूण उपाशी मरतील, हीही समजूत खोटी. रक्ताशिवाय ते काही महिने काढू शकतात, हवा गार असेल तर जास्तच. सोफ्यावर बसणं बंद करून सगळे आतल्या खोलीत गेलात, तर तेही माग काढत येतात. बसणं चालू ठेवा, सोफा भिंतीपासून वीतभर सरकवा आणि जमिनीला टेकणारी झालर किंवा चादर वर खोचा.

सोफ्याच्या पायांखाली गुळगुळीत वाट्या ठेवून येणारे-जाणारे ढेकूण त्यात अडकवण्याचा उपाय चांगला आहे, पण उष्ण प्रदेशातली आपली ढेकणाची जात गुळगुळीत भिंतही चढू शकते. वाटीत ढेकूण मिळाला तर तो आहे हे नक्की. मिळाला नाही म्हणून संपले, असं धरू नका. दर आठवड्याला टॉर्च घेऊन जुने ठिपके असलेल्या जागा पुसून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथे नवे दिसतात का बघा. सलग दोन महिने नवा ठिपका नाही, कात नाही, चावा नाही, मग नवं काळं कापड ठोकायला कारागिराला बोलवा.

सोफा टाकताना आणि आणताना

जुना सोफा फार झिजला असेल, सांगाडा सैल झाला असेल, तर तो टाकणं शहाणपणाचं. बाकी नुसत्या ढेकणांपायी टाकायची घाई करू नका. बाहेर काढायचाच असेल तर घरातच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा आणि मगच जिन्यातून न्या. सोसायटीच्या खाली तसाच ठेवलात तर कोणी वॉचमन किंवा होस्टेलवरची मुलं तो उचलून नेतील. कापड कात्रीने चिरून ठेवा, मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असं लिहा आणि भंगारवाल्यालाही तोंडाने सांगा. वापरलेला किंवा भाड्याचा सोफा घरात घेताना हीच तपासणी टेम्पोतून उतरवण्याआधी करा, तळाच्या पिनांपासून सुरुवात करून.