शाळेचं ध्येय भिंतीवरून वर्गात कसं आणायचं

मुख्याध्यापकांनी एकट्याने लिहून रंगाऱ्याच्या हाती दिलेलं ध्येयवाक्य भिंतीवरच राहतं. ते शाळा व्यवस्थापन समितीत ठरवा. शिक्षणहक्क कायदा 2009 नुसार या समितीत किमान 75 टक्के पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांनी मोकळं बोलावं म्हणून बैठक त्यांच्या बोलीत घ्या: खानदेशात अहिराणीत, सातपुड्यात पावरीत किंवा भिलीत. कापूस वेचणीत दुपारी कुणी येत नाही; संध्याकाळ धरा.

वाक्य एकच, तपासता येईल असं. ‘सर्वांगीण विकास’ मोजणार कसा? ‘तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मूल गोष्टीचं पुस्तक स्वतः वाचेल’ हे मात्र प्रत्येकाला पुस्तक देऊन पाहता येतं.

संस्कृती घडते रोजच्या सवयींतून, आणि आमच्या मते त्यात गैरहजेरीची लगेच दखल घेण्याची सवय सगळ्यात मोलाची. मूल सलग दोन दिवस आलं नाही, तर तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांनी घरी जावं. जाब विचारायला नाही, ‘काय व्हयनं?’ (काय झालं?) एवढंच विचारायला. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जाणार असतील, तर मूल आजीजवळ राहील का हे आधीच बोलून घ्या. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिथल्या शाळेत शिक्षण सुरू राहावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, हातात देऊन पाठवा.

अहिराणी बोलणाऱ्या मुलाला वर्गात कुणी हसलं तर त्याच क्षणी थांबवा, नाहीतर ते मूल महिनाभर तोंड उघडत नाही. परिपाठात आठवड्यातून दोनदा त्याच बोलीत गोष्ट सांगू द्या.

दर तीन महिन्यांनी समितीसमोर हजेरीपट आणि वाचनाची नोंद ठेवा.