लंडन विनामूल्य पाहताना या चुका टाळा

लंडनमध्ये राहणे, जेवणे आणि फिरणे महाग असले, तरी या शहरातील उत्तमोत्तम गोष्टींपैकी कितीतरी गोष्टी पाहण्यासाठी एक पेनीही मोजावी लागत नाही. राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह डिसेंबर २००१ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहेत आणि त्यात परदेशी पाहुणा व स्थानिक नागरिक असा भेद केला जात नाही. असे असूनही अनेक प्रवासी तिथून थकून किंवा हिरमुसले होऊन परततात, कारण जिथे तिकीट लागत नाही तिथे जाण्यासाठीही तयारी करावी लागते, हे त्यांनी विचारात घेतलेले नसते.

एकाच दिवसात तीन संग्रहालये

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. साउथ केन्सिंग्टन स्थानकाजवळ नॅचरल हिस्ट्री म्युझियम, सायन्स म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही तिन्ही अगदी शेजारी-शेजारी असल्यामुळे ती एका दिवसात उरकण्याचा बेत आखला जातो आणि दुपारनंतर पाय व डोळे दोन्ही साथ सोडतात. ही घाई तिकिटाच्या ठिकाणांमुळे अंगवळणी पडलेली असते. पैसे भरले आहेत, तर सगळी दालने पाहूनच बाहेर पडावे, असे वाटते. प्रवेश विनामूल्य असला की हा हिशेब लागू पडत नाही. तासाभरात दोन दालने मनापासून पाहावीत, बाहेर येऊन विसावावे आणि इच्छा झाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. माझ्या मते विनामूल्य प्रवेशाचा खरा लाभ वाचलेल्या पैशांपेक्षा या मोकळेपणात आहे, आणि नेमका तोच घाईमुळे हातचा जातो.

ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांपैकी जेमतेम एक टक्का वस्तू प्रदर्शनात असतात. पण तेवढ्याही एका भेटीत पाहून होत नाहीत. म्हणून घरून निघण्यापूर्वीच संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नकाशा पाहून दोन-तीन दालने निश्चित करावीत आणि ती त्या दिवशी खुली आहेत याचीही खात्री करून घ्यावी. प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडण्यास मदत करणाऱ्या, चौथ्या क्रमांकाच्या दालनातील रोझेटा शिलेभोवती नेहमीच झुंबड असते. ती पाहावीच, परंतु ३३अ या दालनातील, आंध्र प्रदेशातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे पाहण्यासाठीही वेळ राखून ठेवावा, कारण एवढ्या लांब जाऊन ती न पाहता परतणे ही खरोखर हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे.

गर्दी टाळायची असेल तर शुक्रवारची संध्याकाळ उपयोगी पडते. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत खुले असते. उलट, नाताळच्या सुमारास २४ ते २६ डिसेंबर या तीन दिवसांत ही सर्व संग्रहालये बंद असतात, आणि सर जॉन सोन म्युझियमसारखे लहानसे पण विलक्षण ठिकाण एरवीही सोमवारी व मंगळवारी बंद असते.

तिकीट नाही म्हणून नोंदणीही नाही, हा समज

शार्ड इमारतीच्या गच्चीवरून शहर पाहण्यासाठी पैसे पडतात, तर फेन्चर्च स्ट्रीटवरील स्काय गार्डन आणि बिशप्सगेटवरील एका इमारतीच्या ५८व्या मजल्यावरचे होरायझन २२ ही ठिकाणे विनामूल्य आहेत. मात्र तिथे वेळ आधी आरक्षित करावी लागते. स्काय गार्डनची विनामूल्य तिकिटे साधारणपणे तीन आठवडे आधी, सोमवारी उपलब्ध होतात आणि सोयीच्या वेळा लवकर संपतात. विमानातून उतरल्यावर शोधाशोध सुरू करणाऱ्यांना म्हणूनच निराश व्हावे लागते. आरक्षण न मिळाल्यास जवळच्याच गार्डन ॲट १२० या १५व्या मजल्यावरील बागेत जावे, कारण तिथे आरक्षण लागत नाही. मोकळ्या टेकडीवरून शहर पाहणे आवडत असेल, तर प्रिमरोझ हिल किंवा हॅम्पस्टेड हीथमधील पार्लमेंट हिल अधिकच बरी.

संग्रहालयांत नोंदणी न करताही बहुधा प्रवेश मिळतो. तरीही शाळांच्या सुट्टीत वेळ ठरवून विनामूल्य तिकीट घेतलेले असल्यास रांगेतला वेळ वाचतो. हे तिकीट संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोध घेताना मध्यस्थांची संकेतस्थळे आधी दिसतात आणि तिथे प्रवेशाच्या नावाखाली पैसे आकारले जातात. ते पैसे प्रत्यक्षात मार्गदर्शकाचे किंवा दलालीचे असतात. विमानतळावर जाण्याच्या दिवशी चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये जाण्याचा बेतही करू नये. तशा बॅगा आत नेऊ दिल्या जात नाहीत.

विनामूल्य कुठपर्यंत, हे न पाहणे

संग्रहालयात प्रवेश विनामूल्य असला, तरी विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. ग्रिनिचमध्ये रॉयल ऑब्झर्व्हेटरीच्या आवारातील मूळ रेखावृत्तावर उभे राहण्यासाठी शुल्क द्यावे लागते. परंतु भोवतालचे उद्यान, प्रवेशद्वाराबाहेरच्या भिंतीवरचे १८५२ पासूनचे चोवीस तासांचे घड्याळ, टेकडीखालचे नॅशनल मेरिटाइम म्युझियम आणि थेम्सच्या तळाखालून पलीकडे नेणारा १९०२ सालचा पादचारी बोगदा हे सर्व विनामूल्य आहे. टॉवर ब्रिज चालत ओलांडण्यास पैसे लागत नाहीत, वरच्या काचेच्या मार्गिकेसाठी लागतात. जहाजांसाठी पूल उचलला जाण्याच्या वेळा आधी प्रसिद्ध होतात, आणि त्या पाहून गेल्यास हा देखणा प्रसंग नदीकाठावरून पाहता येतो.

जुन्या माहितीवर विसंबून राहण्याचा धोका इथेच असतो. टॉवर ऑफ लंडनमध्ये रोज रात्री दरवाजे कुलूपबंद करताना होणारा चाव्यांचा विधी (सेरेमनी ऑफ द कीज) अनेक जुन्या याद्यांत विनामूल्य म्हणून दिलेला आढळतो, पण आता त्यासाठी शुल्क आहे. बकिंगहॅम राजवाड्यासमोरील पहारेकऱ्यांची अदलाबदल पाहणे विनामूल्य आहे; मात्र ती रोज होत नाही, आणि पाऊस जोरदार असल्यास रद्दही होते.

वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स कॅथेड्रल पाहण्याचे तिकीट बरेच महाग आहे, तर तिथल्या सायंप्रार्थनेला कोणीही विनामूल्य बसू शकते. या प्रार्थनेला जाऊन छायाचित्रे काढणे किंवा मध्येच उठून वास्तू न्याहाळत फिरणे मात्र अनुचित आहे. ज्यांना थडगी आणि कोरीवकाम निरखून पाहायचे आहे, त्यांनी सरळ तिकीट काढावे. ज्यांना त्या कमानींखाली घुमणारे समूहगान ऐकायचे आहे, त्यांनी प्रार्थनेला जावे. ओल्ड बेली या प्रसिद्ध फौजदारी न्यायालयाच्या प्रेक्षक-सज्ज्यात बसून खटले ऐकता येतात, पण मोबाइल आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत आणि न्यायालय त्या सांभाळूनही ठेवत नाही.

प्रवासखर्चाकडे दुर्लक्ष केल्यानेही विनामूल्य दिवस महागात पडतो. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, आणि प्रत्येक प्रौढ प्रवाशाकडे स्वतंत्र कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा ऑयस्टर हे प्रवासाचे कार्ड असावे लागते. अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, विनामूल्य प्रवास करू शकतात. मध्यवर्ती भागात मात्र चालणेच उत्तम, कारण लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांत तीनशे मीटरही अंतर नाही.

निळ्या फलकांची वाट

प्रसिद्ध ठिकाणांच्या यादीत अडकून राहिल्यामुळे मराठी प्रवासी ज्या घरांजवळून नकळत पुढे जातात, त्यांचा उल्लेख करणे मला अगत्याचे वाटते. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये माइडा व्हेल भागात १०, हाउली प्लेस येथे राहत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये १०, किंग हेन्रीज रोड येथे राहत होते आणि ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. दोन्ही घरांवर, तिथे कोण राहत होते हे सांगणारे निळे फलक आहेत. हाउली प्लेसपासून जवळच असलेल्या लिटल व्हेनिसहून रीजंट्स कॅनॉलच्या काठाने चालत निघाले, तर मधला बोगद्याचा भाग वरच्या रस्त्याने ओलांडून, रीजंट्स पार्कच्या कडेने प्रिमरोझ हिलपर्यंत आणि तिथून किंग हेन्रीज रोडला आरामात पोहोचता येते. आंबेडकरांच्या घरातील स्मारक पाहण्याच्या वेळा निघण्यापूर्वी तपासून घ्याव्यात. हाउली प्लेस हा निवासी रस्ता असल्यामुळे तिथे घराची घंटा न वाजवता फलक रस्त्यावरूनच पाहावा.