पाच वर्षांचा प्लॅन फाडण्याआधी पैशाला रंग द्या

सामाजिक संस्थेचा पाच वर्षांचा प्लॅन मधेच गडबडला की पहिलं काय सुचतं, तर दोन दिवसांचं रिट्रीट, चार्टपेपर, स्केचपेन. थांबा जरा. आधी एक्सेल उघडा आणि पुढच्या १२ महिन्यांत येणाऱ्या पैशाला रंग द्या, हिरवा म्हणजे बँकेत जमा, पिवळा म्हणजे देणगीदाराचं सहीचं पत्र हातात आणि लाल म्हणजे ते नेहमीचं, "मार्चनंतर बघू". आम्ही केलं तेव्हा निम्मं शीट लाल निघालं आणि त्याच्याच भरवशावर दोन नवीन तालुके धरून बसलो होतो!

मग प्रत्येक कामासमोर लिहा की पैसा नाही आला तर हे कुठल्या तारखेला थांबवायचं आणि गावात जाऊन ते कोण सांगणार. तारीख नसली की सगळे एकमेकांकडे बघत बसतात आणि फील्डवरच्या ताईंचं मानधन थकतं.

परदेशी निधी असेल तर जास्त जपून, कारण २०२० च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) दुरुस्तीपासून तो पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आलीये. आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा सहीची पत्रं असलेल्यांचेही हप्ते अडकले, म्हणजे पिवळाही फार पक्का धरू नका. शीट दर तीन महिन्यांनी उघडायचं, अकाउंटंटला शेजारी बसवून.