हिरव्या पडद्यापुढच्या व्हिडिओत टोपीला येणारी हिरवी कड: शेवटी अशी गेली

सांगलीत काकांचा हळदीचा व्यापार. जाहिरातीसाठी त्यांना हिरव्या कापडापुढे उभं केलं, मागे हळदीचे ढीग दाखवायचे होते. शॉटकट या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये कापड गेलं, पण पांढऱ्या टोपीला हिरवी कड राहिली. ‘डिस्टन्स’ (निवडलेल्या हिरव्याच्या किती जवळचे रंग काढायचे ते) वाढवला की टोपीलाच भोकं! ब्लर, क्रॉप सगळं करून डोकं उठलं.

जमलं ते असं. आधी कापडाला इस्त्री केली, काकांना त्यापासून पाच-सहा फूट पुढे आणलं आणि कापडावर वेगळा दिवा लावला. फोन सहसा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा आडवी-उभी निम्मीच साठवतो, त्यामुळे कडा मुळातच कच्च्या; तिथे कापडाचा उजेड अंगावर न पडणं फार महत्त्वाचं.

मग ढिगांचा व्हिडिओ खालच्या ट्रॅकवर, काका वरच्या. वरच्या क्लिपला ‘क्रोमा की: सिंपल’ (निवडलेला रंग पारदर्शक करणारा फिल्टर) लावून ड्रॉपरने, म्हणजे रंग उचलायच्या साधनाने, डोक्याजवळचा हिरवा उचलला. ‘डिस्टन्स’ शून्यापासून हळूहळू वाढवत, कापड जाताच थांबलो. उरलेली कड इथे काढायची नाही. ती ‘की स्पिल: सिंपल’चं काम, हा फिल्टर क्रोमा कीच्या खालीच हवा. ‘की कलर’ तोच हिरवा, ‘टार्गेट कलर’ (हिरव्या कडेच्या जागी आणायचा रंग) करडा, कारण त्वचेचा रंग दिला की टोपी गुलाबट दिसते.