कुत्र्यामांजरांचे जुनाट जुलाब आणि कुंथणं : या चुका टाळा

भुसावळ-यावल पट्ट्यात प्रॅक्टिस करताना एक वाक्य मी सतत ऐकतो, "डॉक्टर, याला संडासच होत नाही, पोट साफ व्हायचं काहीतरी द्या." अहो पण कुंथतंय म्हणजे बद्धकोष्ठच, हे ठरवलं कोणी?

एका मे महिन्यात चोपड्याकडून एक बोका आला. शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या टोपल्यात बसून जोर करत होता म्हणून घरच्यांनी दोन दिवस एरंडेल पाजलं होतं. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय मोसंबीएवढं आणि दगडासारखं कडक, म्हणजे अडकली होती ती लघवी! बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो बंद झाला की रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी टाकायची तयारी करेपर्यंत तो गेला, आणि त्या घरातली लहान मुलगी रिकामी पिशवी धरून उभी होती ते मला अजून दिसतं. म्हणून सांगतो, बोका कुंथतोय आणि टोपल्यातली माती कोरडीच आहे तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे २ वाजले असले तरी निघा.

कुत्र्यात वेगळाच घोळ होतो. दिवसातून आठ-दहा वेळा बसतं, दरवेळी चमचाभर, शेंबडासारखं चिकट, शेवटी लाल रक्ताचा थेंब, हे मोठ्या आतड्याचं दुखणं आणि यातही कुत्रं कुंथतंच, त्याला एरंडेल दिलं की हाल वाढतात. ढीगभर पातळ होतंय आणि वजन उतरतंय तर बहुतेक लहान आतडं. एवढं विचारायला मिनिटभर लागतं, पण नवीन डॉक्टर पोरंसुद्धा न विचारता मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक गोळी लिहून मोकळी होतात, चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी परत तेच. जुलाब ३ आठवड्यांच्या वर गेले की गोळी बदलत बसू नका, कारण शोधा.

शीचा एक रिपोर्ट चांगला आला म्हणून जंत नाहीत असं नसतं. जिआर्डिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी रोज शीत सापडत नाही, मी तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने मागतो. व्हिपवर्म या मोठ्या आतड्यातल्या जंताची अंडी तर लागण झाल्यावर जवळपास ३ महिने दिसतच नाहीत, म्हणून रिपोर्ट स्वच्छ असला तरी मी फेनबेंडाझोल या जंताच्या औषधाचा कोर्स देतोच.

खाणं बदलून बघायचं तर किमान २ आठवडे एकच खाणं. आजीने हळूच टाकलेली शेव आणि कळण्याच्या भाकरीचा तुकडासुद्धा चालत नाही, नाहीतर आपण काय तपासतोय तेच कळत नाही.

जर्मन शेफर्ड भरपूर खाऊनही वाळतोय, शी फिकट आणि तेलकट, तर स्वादुपिंडाची तपासणी करून घ्या.

नसबंदी न केलेला म्हातारा कुत्रा कुंथत असेल तर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट (नराची मूत्राशयाजवळची ग्रंथी) तपासल्याशिवाय मी औषध लिहीत नाही.

मटणाची हाडं घालू नका, खडे होऊन अडकतात.

माणसांचा फॉस्फेटचा एनिमा (गुदद्वारातून द्यायचं पोट साफ करायचं औषध) मांजराला कधीच नाही, कॅल्शियम एकदम खाली येऊन जीव जातो.

आणि येताना शीचा मोबाईलवर फोटो आणि झाकणाच्या डबीत ताजा नमुना आणा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला नको.